आधी खोडलेलं सांगा

मी मुलगी पाहायला गेलो होतो. प्रत्यक्षात पाहिलं गेलं ते मला.

अमरावतीतल्या रुक्मिणीनगरातली ती बाहेरची खोली. माझे बाबा, आमचे काकाजी आणि मी ओळीनं बसलेलो, हातात पोह्यांच्या बशा. संगीता बशा देऊन आत गेली होती. माझं शिक्षण, माझी नोकरी, अकोल्याच्या जुन्या शहरातलं आमचं घर, हे सगळं काकाजींनी सांगून टाकलं होतं आणि सांगता सांगता घरावर एक मजलाही चढवला होता. तेवढ्यात दाराजवळच्या खुर्चीतल्या बाईंनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. मुलीची मोठी बहीण, शाळेत शिकवते, लग्न केलेलं नाही, एवढंच आम्हाला त्यांच्याबद्दल ठाऊक होतं.

“प्रकाशराव, लहानपणी काय व्हायचं होतं तुमाले?”

असल्या प्रसंगी काय उत्तर द्यावं हे मला घरून शिकवलेलं नव्हतं. मी खरं ते बोलून गेलो. “एसटीचा कंडक्टर.”

बाबांना ठसका लागला. आतल्या खोलीत कोणीतरी खुसखुसलं. ती संगीता होती हे पुढे कळलं. काकाजींनी “पोट्टं मजाक करते बाप्पा” म्हणून सारवासारव सुरू केली. त्या बाई मात्र हसल्या नाहीत.

“मंग कोनं खोडलं?”

“काय?”

“कंडक्टर. कोनं खोडलं ते?”

मी आठवून पाहिलं. “आईनं. ती म्हणे, कंडक्टर रोज दुसऱ्याच गावी झोपते. जेवणाचा पत्ता नाही.”

“अन् मंग तुमी काय म्हटलं?”

“मी रडलो असेन.”

बाई उठून आत गेल्या. आमच्या घराचा वरचा मजला आत कोणाला पटला की नाही, ठाऊक नाही. पण त्यांचं वाक्य बाहेरपर्यंत ऐकू आलं. “पोट्टा खरं बोलते. मले चालते.” माझं लग्न अशा रीतीनं एका न झालेल्या कंडक्टरनं जमवलं.

त्या बाई म्हणजे शशीताई. शशिकला तायडे. मुलांना आणि मोठ्यांनाही पुढचा रस्ता शोधायला मदत करणं हे त्यांचं काम. शाळेत त्या करिअर मार्गदर्शन बघायच्या, आणि निवृत्त झाल्यावर तेच काम राहत्या घराच्या त्याच बाहेरच्या खोलीत सुरू ठेवलं. कोणी लग्नाचं विचारलं की म्हणत, “वेळच नाई भेटला.” मला एरवी त्या प्रकाशराव म्हणत. ‘जवाईबुवा’ अशी हाक आली, की आपलं काहीतरी चुकलंय हे मी समजून जात असे.

त्यांच्याकडे येणाऱ्या आईबापांची पंचाईत पहिल्याच मिनिटाला व्हायची. ते विचारून घ्यायला आलेले असत, ‘आमच्या मुलानं काय व्हावं?’ आणि शशीताई विचारत, “काय काय व्हायचं नाही? आधी खोडलेलं सांगा.” बाप म्हणे, खोडलेलं काही नाही मॅडम, सगळे रस्ते मोकळे आहेत. मग त्या एकेक नाव घेत. न्हावी? नर्स? नाटक? ट्रक चालवणं? गाणं? प्रत्येक नावाला बापाची मान हलायची, आणि मुलगा किंवा मुलगी बापाची मान पाहत बसायची. शेवटी शशीताई म्हणत, “पाह्य, किती मोकळा रस्ता हाये. दोनच गाड्या चालतात त्याच्यावर, डॉक्टर अन् इंजिनिअर.”

ही खोडण्याची गोष्ट त्यांनी कोठून आणली, ते त्या लपवत नसत. तरुणपणी शाळेतून रजा काढून त्यांनी समुपदेशनाचा अभ्यासक्रम केला होता. जाडजूड इंग्रजी पुस्तकं, आणि उशाशी शब्दकोश. त्या पुस्तकांतले सगळे थोर प्रोफेसर अमेरिकेतले. ताईंनी त्यांना जणू नात्यातच घेऊन टाकलं होतं. एकानं माणसांच्या आवडीचे सहा प्रकार पाडले, ते ‘सहावाले’. दुसऱ्यानं माणसाच्या कामाच्या आयुष्याचे टप्पे सांगितले, वाढणं, शोधणं, बसणं, टिकणं आणि सोडणं, ते ‘टप्पेवाले’. तिसरे म्हणाले, की करिअर बरंचसं योगायोगानं घडतं, फक्त योगायोग गाठायला घराबाहेर पडावं लागतं, ते ‘योगायोगवाले’. आणि चौथी एक बाई. लेकरं फार लहान वयातच, हे मुलींचं नाही, हे आपल्यासारख्यांचं नाही, असं म्हणत एकेक काम मनातून खोडत जातात, हे त्या बाईंनी सांगितलं. ‘खोडरबरवाली’. “साऱ्या मर्दाईत एकच बाई हाये,” ताई म्हणत, “म्हणून तिलेच समजलं.”

घरात जेवताना त्यांचं बोलणं ऐकलं तर नवख्याला वाटावं, ही सगळी मंडळी परतवाड्याला राहतात आणि दिवाळीला येऊन जातात. “टप्पेवाल्याईचं म्हणनं खरं हाये, पण थे कधी अकोल्याले नाई आले नं.” त्यांचा मुख्य आक्षेप हा होता, की पुस्तकातला मुलगा फार एकटा आहे. “त्याले ना काका, ना आत्या, ना शेजारचे साहेब. एकटाच खिडकीत बसते अन् एकटाच ठरवते. आपल्या पोट्ट्याच्या मागं सारी वरात असते. त्या वरातीले कुठी बसवू मी?”

बसवायला त्यांनी बाहेर व्हरांड्यात दोन लांब बाकं टाकून घेतली होती. जो ठरवणार तो आत, आणि बाकी सगळे बाकावर. पण येणाऱ्या प्रत्येकाशी त्या बोलत, आजोबांशीसुद्धा. “लेकराच्या कुलपाची किल्ली कधी कधी आज्याच्या खिशात राह्यते,” असं त्यांचं निदान होतं.

सहावाल्यांच्या चाचणीत लांबलचक प्रश्न होते. तुम्हाला यंत्र दुरुस्त करायला आवडतं का, कादंबरी लिहायला आवडतं का. ताईंनी पाहिलं, की आपली मुलं प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणतात. कारण बाई विचारतायत, आणि बाईंना नाही कसं म्हणायचं! तेव्हा त्यांनी त्या सगळ्याचा एकच प्रश्न केला. “लग्नघरात तू कुठी असतं?”

बघा तुम्हीच. लग्नघरात कोणी न सांगता कोणी मांडवाच्या वायरी जोडायला जातो, कोणी रुखवत सजवतो. कोणी आल्यागेल्यावर हुकूम सोडतो. कोणी आहेराच्या पाकिटांवर नावं लिहायला बसतो, कोणी रडणाऱ्या आजीजवळ. आणि एखादा कोपऱ्यात उभा राहून, ही मंगलाष्टकं अशी का म्हणतात, हा विधी कशाला, याचाच विचार करत असतो. झाले सहाच्या सहा प्रकार. ताई म्हणत, “परीक्षेच्या हॉलमंदी मानूस खोटं बोलते. लग्नात बोलायले वेळच नसते त्याले.”

एकदा कौंडण्यपूरकडची एक मुलगी आली होती. फार गप्प. तिचे वडील तिला डीएड करा म्हणत होते. ताईंनी विचारलं, तर मुलगी म्हणाली, “मी जनरेटरवाल्यापाशी उभी राह्यतो.” बाप कानापर्यंत लाल झाला. “मॅडम, ते तसं काही नाही. मुलगी सरळ हाये आमची.” ताई म्हणाल्या, “मले मालूम हाये भाऊ. तिले जनरेटरवाला नाई आवडत, तिले जनरेटर आवडते.” ती मुलगी आज विजेच्या उपकेंद्रात आहे.

हा प्रश्न प्रत्येकाला लागू पडायचा असंही नाही. एका मुलानं सांगितलं, “मी पंगतीत असतो. पहिल्या, अन् मंग शेवटच्या.” ताईंनी त्याला खाद्यपदार्थांच्या धंद्याकडे वळवायची बरीच खटपट केली. तो पुढे तलाठी झाला आणि सुखात आहे. ताई हे स्वतःच सांगत आणि हसत. “सहावाल्याईले कळवा म्हटलं, सातवा सापडला.”

आता माझ्याकडे येतो. मी या गोष्टीत यायला नको होतं, पण आलो.

अकोल्याच्या एका ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये मी वीस-बावीस वर्षं विक्री सांभाळली. मालक थकले. मुलांना पुण्यात वेगळं काही करायचं होतं. शोरूम बंद झालं. आमचं घर काही त्यावर अडलं नाही, कारण संगीता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. अडलो तो मी. पन्नाशीला टेकलेला, सकाळी आंघोळ करून भांग पाडून सोफ्यावर बसणारा माणूस. तुम्हाला सांगतो, इस्त्रीचा शर्ट घालून कोठेही न जाण्याइतकं अवघड काम दुसरं नाही. नातेवाइकांत मी गोष्टीवेल्हाळ म्हणून प्रसिद्ध. कोणाच्या बारशात कोणता बाप्पा काय बोलला, हे मला पाठ. ते सगळं आटलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मला वेळ भरपूर मिळाला, आणि तो सगळा मी माझ्या मुलीला दिला.

तनया तेव्हा अकरावी संपवून बारावीत जाणार होती. तिला डॉक्टर करायचं हे माझं आधीपासून होतंच, पण आता ते माझं पूर्णवेळ काम झालं. मी तिच्या क्लासला सोडायला जाई, आणायला जाई, मधल्या वेळात क्लासच्या बाहेर इतर बापांबरोबर उभा राही. तिच्या टेबलासमोर मी वेळापत्रक लावलं. त्यात ‘खेळ’ असंही लिहिलं होतं, रविवारी अर्धा तास. पोरगी आधी चिडायची, मग चिडेनाशी झाली. “हो बाबा” एवढंच म्हणायची. मला वाटलं, समजूतदार झाली. संगीताला वाटलं, काहीतरी बिघडलं. तिनं बहिणीला फोन केला.

निरोप आला. ‘तनयाला घेऊन या. सोबत कोणीतरी मोठं हवं, प्रकाशरावच या.’

मी व्हरांड्यातल्या बाकावर चार आया आणि एका आजोबांच्या मध्ये बसलो. एका बाईंनी विचारलं, “तुमचा नंबर कितवा?” मी म्हटलं, “माझा नाही, मुलीचा.” दार उघडलं आणि ताई म्हणाल्या, “जवाईबुवा, आत या. तनया, तू बस बाकावर.”

त्या आया माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत राहिल्या, ती अजून आठवते.

आत गेल्यावर मी विनोद करून पाहिला. “ताई, या वयात मले कोणत्या शाखेले घालता?”

“अकरावीतच घालतो. टप्पेवाले म्हणतात का मानूस कामातून उठला का परत शोधायच्या टप्प्यात येते. तुमी सरळ शेवटच्या टप्प्यात जाऊन बसले. सोडून देल्ल्यासारखे.”

“मी काही सोडलं नाही.”

“तेच तं. सोडलं नाई, पोरीच्या डोक्यावर नेऊन ठेवलं. तुमी रिकामे झाले, अन् तिच्या अंगावर दोघाईचं काम पडलं. एक तिचं, एक तुमचं.”

चहा आला. मला वाटलं, झालं असेल. पण त्यांनी तो प्रश्न काढलाच, आणि तोही भलत्याच दिशेनं. “आता सांगा, तनयाच्या नावानं तुमी काय काय खोडलं?”

“मी? काहीच नाही. पोलिसात नको म्हटलं होतं. नाटकात नको. अन् शेतीचं तर नावच नाही.”

“शेती काहून?”

“ताई, हे तुमी विचारता?” माझा आवाज जरा चढला. “माझ्या आज्यानं सारा जन्म दुसऱ्याच्या वावरात काढला. बाबा शिकले, नोकरीला लागले, तेव्हा म्हणाले होते, आता आपल्या घरात कोणाचा हात मातीत जाणार नाही. मी ट्रॅक्टर विकले, पण विकले काचेच्या आत बसून. आता पोरगी पुन्हा मातीत? तिनं परवा कधीतरी बोलून दाखवलं, कृषीला जाऊ का म्हणून. मी तिथंच संपवलं ते.”

ताईंनी चष्मा काढला. पातूरकडच्या एका खेड्यात त्यांचं लहानपण गेलं, हे मला माहीत होतं. त्यापुढचं त्या कधी बोलल्या नव्हत्या.

“माही माय कापूस वेचे,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्याच्याच वावरात. बोंडाईनं बोटं फाटलेली राहत तिची. रात्री मले जवळ घ्यायची तं हात लुगड्यात गुंडाळून घ्यायची, मले टोचू नये म्हणून. म्या तवाच ठरवलं, मातीकडे पाहनार नाई. घरात तुळस नाई लावली म्या प्रकाशराव, कुंडीत माती टाका लागते म्हणून. माह्या वेळेले ते बरोबर होतं. तुमच्या बाबाईचं बी बरोबर होतं. खोडल्याशिवाय आपन वर नसतो आलो.” त्यांनी चष्मा पुन्हा लावला. “पन माह्या वेळचं खोडलेलं तनयाले आपोआप लागत नाई. तिले तिचं पाहू द्या. कदाचित पोरगी बी खोडंल. पन तिच्या हातानं.”

मी म्हणालो, “अन् डॉक्टरकी?”

“मले काय मालूम! मी कोनाले धंद्याचं नाव सांगतो का कधी?”

हे खरं होतं. त्यांचा तो नियमच होता. लोक चिडायचे, एवढ्या लांबून आलो आणि बाई काही सांगतच नाहीत म्हणायचे. एकानं तर मुलीची पत्रिका काढून टेबलावर ठेवली होती. ताई म्हणाल्या होत्या, “हे घेऊन जा भाऊ. मी ग्रह नाई पाहत, पोरगी पाह्यतो.”

मला मात्र त्यांनी काम दिलं. रोज एका अशा ठिकाणी जायचं, जिथं आपलं काहीही काम नाही. तिथं तास-दोन तास थांबायचं. योगायोगवाल्यांचा उपाय. “सोफ्यावर योगायोग येत नाई,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला लग्नघराचा प्रश्न विचारला. त्याचं उत्तर मी देणार तोच त्याच म्हणाल्या, “राहू द्या, मले मालूम हाये. कोनी रुसलं का तुमालेच पाठवतात. आमच्या मामाले पाह्यलं नं म्या, फेटा नाई भेटला म्हणून आचाऱ्याच्या मागं बसले होते उलट्या बालटीवर. तुमी दुसरी बालटी घेऊन बसले त्याईच्यापाशी. तासाभरानं दोघं हसत हसत पंगतीत. तुमी ट्रॅक्टर कधी विकलेच नाई प्रकाशराव. लोकाईले बसवून घेतलं अन् ऐकलं. ट्रॅक्टर आपल्या पायानं गेले.”

“आमचे मालकही असंच म्हणायचे,” मी म्हटलं. “फक्त रागानं.”

नंतर तनया आत गेली. बराच वेळ दार बंद. मधून हसण्याचा आवाज येई. माझी पोरगी हसते हे मला कित्येक महिन्यांनी बाकावर बसून कळलं. बाहेर आल्यावर मी लगेच विचारलं, “काय ठरलं?”

“गिला वडा खायचं ठरलं,” ताई म्हणाल्या. “बाकी तिचं-माहं हाये.”

मी कामाला लागलो. अकोल्यात जिथं जिथं माझं काही काम नाही अशी ठिकाणं भरपूर निघाली. कचेरी, बाजार समिती, मोर्णा नदीवरचा पूल. पुलावर तर एका ओळखीच्यानं काळजीनं माझा दंडच धरला, तेव्हा ते ठिकाण मी सोडलं. मग एक दिवस एका मोठ्या दवाखान्याच्या दारात उभा राहिलो. खेड्यातून आलेलं एक म्हातारं जोडपं हातात चिठ्ठी धरून गरागरा फिरत होतं. एक्स-रे कुठं, पैसे कुठं भरायचे, डॉक्टर कोणत्या मजल्यावर. मी त्यांच्यासोबत फिरलो. बाबाजी लिफ्टमध्ये चढायला तयार होईनात. मी त्यांना आमच्या काकाजींनी लिफ्टमध्ये चढताना चप्पल बाहेर काढून ठेवली होती ती गोष्ट सांगितली. ते हसत हसत आत आले. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो, तिसऱ्या दिवशीही.

याचा परिणाम भलताच झाला. मी रोज दवाखान्यात दिसतो, ही बातमी जुन्या शहरात पसरली. एका संध्याकाळी साळा, साळ्याची बायको, काकाजी आणि दोन शेजारी सफरचंदं, केळी आणि ग्लुकोजची बिस्किटं घेऊन घरी आले. काकाजी माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, “लेका, आमच्यापासून काहून लपवतं?” संगीता आधी घाबरली आणि मग इतकी हसली, की तिला बसावं लागलं. ताईंना फोनवर सांगितलं, तर पलीकडून बराच वेळ नुसता हसण्याचा आवाज. “सफरचंदं ठेवून घ्या,” त्या शेवटी म्हणाल्या. “योगायोगवाल्याईची फी हाये.”

पुढे त्याच दवाखान्यानं मला बोलावलं. दारापाशी एक टेबल, पाठीमागे ‘मदत कक्ष’ असा फलक. येणाऱ्याला बसवायचं, काय हवं ते विचारायचं, सोबत जायचं. कधी घाबरलेल्या नातेवाइकाजवळ नुसतं बसायचं. शोरूममध्ये माझ्या खोलीला काचेचं दार होतं. इथं दारच नाही, आणि दिवसभर लोक. मी पुन्हा बोलायला लागलो. घरी येऊन दवाखान्यातल्या गोष्टी सांगायला लागलो, इतक्या की संगीता म्हणाली, “ताईला सांगते, थोडं कमी करा म्हणून.” तनयाचं वेळापत्रक मी काढलं की तिनं, ते नक्की आठवत नाही. एक दिवस भिंतीवर ते नव्हतं, एवढं खरं. क्लासला मात्र ती जातच होती. काय चाललंय तिच्या मनात, हे विचारायला जीभ शिवशिवायची. ताईंची ताकीद होती, विचारायचं नाही.

त्या हिवाळ्यात ताई गेल्या. आजारी वगैरे काही नव्हत्या. सकाळी व्हरांड्यात ऊन घेत बाकावर बसल्या होत्या, बसल्या बसल्याच मान कलली. आम्ही पोचलो तेव्हा घर भरलेलं होतं. जनरेटरवाली मुलगी आली होती. तलाठीही आला होता, आणि सकाळपासून उपाशी लोकांना चहा-बिस्किटं देत तोच फिरत होता. संगीतानं त्याच्याकडे पाहून मला हळूच म्हटलं, “ताई असती तर म्हणाली असती, पाह्य, सहातच होता.” आणि मग ती रडली.

बारावीच्या परीक्षा संपल्यावर मी आणि तनया अमरावतीला गेलो. ताईंची खोली आवरायची होती. पुस्तकं खोक्यांत भरत होतो, तोच व्हरांड्यात चपला वाजल्या. दर्यापूरकडचं कुटुंब होतं. आई, वडील, आजी आणि एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी. त्यांना काही कळलेलं नव्हतं. मी सांगितलं. मुलीच्या आईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि सगळे तसेच उभे राहिले. एवढ्या उन्हात आलेल्या माणसांना परत कसं पाठवायचं! मी त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं. तनयानं कोणी न सांगता त्या मुलीला आत नेलं आणि खोक्यांच्या मध्ये दोघी जमिनीवर मांडी घालून बसल्या.

वडील माझ्याकडे वळले. “मॅडमचे घरचे हा नं तुमी? मंग तुमीच सांगा नं साहेब. पोरीले काय करावं आमी?”

मला उत्तर सुचलं नाही असं नाही. मला निदान पाच उत्तरं सुचली. आतून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं. शब्द कळत नव्हते, पण त्या मुलीचा आवाज आला तेव्हापेक्षा मोकळा झाला होता.

“चहा मांडतो,” मी म्हणालो. “पोरी बोलून राह्यल्या, तोवर बसा.”

चहा झाला. मुलगी बाहेर आली तेव्हा तिच्या वडिलांनी तिच्याकडे पाहिलं, मग काही न विचारता पिशवी उचलली. ते गेल्यावर आम्ही शेवटचं खोकं बांधलं आणि अकोल्याची बस पकडली.

बडनेरा मागे पडलं. खिडकीबाहेर नांगरलेली काळी वावरं पावसाची वाट पाहत पडली होती. तनया बाहेरच पाहत होती. तिकडेच पाहत म्हणाली, “बाबा, मी मेडिकलले नाही जाणार. कृषीले जाते, आपल्या अकोल्यातच. मातीचं शिकायचं हाये मले. परीक्षणाचं वगैरे. आबाजींना काय वाटलं असतं, त्याचा मी विचार केला. लय केला. तरी मले हेच करायचं हाये.”

माझ्या बाबांचा, तिच्या आबाजींचा, आवाज मला स्पष्ट ऐकू आला, आपल्या घरात आता कोणाचा हात मातीत जाणार नाही म्हणणारा. आजोबा मी पाहिले नाहीत, पण त्यांच्या पायांच्या भेगांबद्दल इतकं ऐकलं होतं, की तेही दिसले. बोलायला तर मला किती होतं! पोरीचे दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकलेले होते.

“बरं,” मी म्हणालो.

तिनं वाट पाहिली. मला ती जन्मापासून ओळखते. माझ्या ‘बरं’च्या मागून एरवी काय काय येतं, ते तिला माहीत आहे. पुढे काही आलं नाही. एक गाव गेलं, दुसरं गेलं. तिनं दोनदा माझ्याकडे चोरून पाहिलं. मी समोरच्या सीटची पाठ पाहत होतो, कारण तोंड उघडलं असतं तर आधी रडूच आलं असतं.

मूर्तिजापूरला बस थांबली, तेव्हा तिनं हात उचलून माझ्या कपाळाला लावला.

“ताप तं नाही,” ती आपल्याशीच म्हणाली, आणि हात तिथंच राहू दिला.